गंगथडीचा गुरू शिष्य होतो तेव्हा

ज्येष्ठ वद्यात शांतिब्रह्म एकनाथ महाराजांची पालखी पैठणहून निघते. गोदावरीचा निरोप घेऊन ती शिरूर कासार, पाटोदा या आपल्या बीड जिल्ह्यातल्या तालुक्यांतून बालाघाटचे डोंगर चढते आणि पंढरीची वाट धरते. मुक्ताईची पालखीही बीडवरूनच जाते. आपल्यापैकी कितीजण या वाटांनी चालले असतील, आणि ज्यांना चालणे झाले नाही त्यांनी दारात उभे राहून वारकऱ्यांच्या पायांवर पाणी घातले असेल. पण वाचकहो, याच गंगथडीवरून पैठणमार्गे एक फार जुनी दिंडी उलट्या दिशेने, म्हणजे उत्तरेकडे गेली होती, हे आपल्याला ठाऊक आहे का? त्या दिंडीत सोळा शिष्य होते. त्यांना पाठवणारा त्यांचा गुरू अतिशय वृद्ध होता. ज्यांच्या भेटीला ते निघाले होते, ते होते भगवान गौतम बुद्ध.

ही कथा 'सुत्तनिपात' या पाली ग्रंथाच्या शेवटच्या भागात, पारायणवग्गात आली आहे. बौद्ध वाङ्मयातल्या अतिशय जुन्या भागांत त्याची गणना होते. आपल्या संतांनी विठ्ठलाला बौद्ध अवतार म्हटले आहे. जुन्या पंचांगांवरील दशावतारांच्या चित्रांत नवव्या जागी कित्येकदा विटेवरची मूर्तीच छापलेली असे. तेव्हा आपल्याच नदीकाठी घडलेली ही कथा वारकऱ्याने ऐकली तर ती परकी वाटणार नाही. मार्ग वेगळा आहे, त्याचे तत्त्वज्ञानही वेगळे आहे, ते एकच आहे असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. पण नम्र होणे म्हणजे काय आणि गुरू कोणाला करावे, हे दोन प्रश्न त्यांनाही पडले होते आणि आपल्यालाही पडतात.

पाचशे नाण्यांचा शाप

बावरी हे मूळचे कोसल देशातले विद्वान ब्राह्मण. वेदांत पारंगत. सर्वसंगपरित्यागाची ओढ लागून ते दक्षिणेत आले आणि अश्मक देशात, मुळक देशाच्या शेजारी, गोदावरीच्या तीरावर आश्रम करून राहिले. मुळक म्हणजे पैठणच्या भोवतालचा मुलूख. शेतात पडलेले दाणे वेचावेत, रानातली फळे खावीत आणि शिष्यांना शिकवावे, असा त्यांचा क्रम होता. जवळच्या गावाची वस्ती वाढली. त्या गावाच्या उत्पन्नातून त्यांनी एक मोठा यज्ञ केला आणि जवळ होते ते सारे दान करून टाकले.

यज्ञ आटोपून ते आश्रमात परतले, तोच एक याचक आला. पाय सुजलेले, डोक्यावर धूळ, दात मळलेले. बावरींनी त्याला आसन दिले, कुशल विचारले. त्याने पाचशे नाणी मागितली. बावरी म्हणाले, देण्यासारखे होते ते मी देऊन बसलो, आता माझ्याजवळ काही नाही, मला क्षमा करा. तेव्हा त्या माणसाने काहीतरी विधी केल्याचे सोंग करून शाप दिला की, माझे मागणे पुरवले नाहीस तर सातव्या दिवशी तुझ्या मस्तकाची सात शकले होतील.

आता बघा, बावरी काही सामान्य माणूस नव्हते. वय १२० वर्षे, पाचशे शिष्य, तोंडात सारे मंत्र. तरीही ते घाबरले. अन्न सुटले, शरीर वाळू लागले, ध्यानात मन लागेना. एवढी विद्या असूनही एका शापाने त्यांची झोप उडाली.

या प्रसंगाला मी मुद्दाम थांबतो आहे. आजही आपल्या गावागावांत असे शाप देणारे येतात. कोणी म्हणतो, घरावर कोप आहे. कोणी म्हणतो, अमुक इतके दिले नाही तर लेकराला धोका आहे. अशा माणसापुढे आपण वाकतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो. पण भीतीने वाकलेली मान नम्र नसते, ती फक्त दबलेली असते. बावरींची पहिली अवस्था अशीच होती.

'मला ठाऊक नाही'

बावरींची अवस्था पाहून त्यांचे हित चिंतणारी एक देवता पुढे झाली. तिने सांगितले, तो माणूस ढोंगी आहे, त्याला धन हवे आहे. मस्तक म्हणजे काय आणि ते फुटणे म्हणजे काय, यातले त्याला काही कळत नाही. बावरींनी विचारले, मग तुला कळते का? देवता म्हणाली, नाही, मलाही ते ज्ञान नाही.

देवता असून ती म्हणाली, मला ठाऊक नाही. मग तिने सांगितले की, ज्याला हे ठाऊक आहे तो शाक्यकुळातला बुद्ध उत्तरेत, श्रावस्तीला आहे, त्याला जाऊन विचार. खऱ्या मार्गदर्शकाची ही पहिली खूण. तो आपल्या मर्यादेपाशी थांबतो आणि पुढचे दार दाखवतो.

आपल्या परंपरेत याचेच उदाहरण नामदेवरायांचे आहे. प्रत्यक्ष पांडुरंग ज्याच्याशी बोलतो, त्या नामदेवरायांना तेरला गोरोबाकाकांनी थापटण्याने तपासले आणि मडके कच्चे ठरवले. नामदेवरायांना राग आला. ते तक्रार घेऊन पंढरीला गेले. तेव्हा देवानेच त्यांना सांगितले की, तुला गुरू केला पाहिजे, विसोबा खेचरांकडे जा. देवाने भक्ताला आपल्यापाशीच अडकवून ठेवले नाही. पुढे औंढ्या नागनाथाला विसोबांनी पिंडीवर पाय ठेवून जो धडा दिला, तो आपण सर्व कीर्तनांतून ऐकत आलो आहोत. आपली उंची ठाऊक असलेल्या भक्ताला तो धडा पचवणे किती कठीण गेले असेल, हे मात्र आपण क्वचितच मनात आणतो.

शिष्यांना पाठवणारा गुरू

बावरींना आनंद झाला. त्यांनी आपल्या सोळा प्रमुख शिष्यांना बोलावले. अजित, तिस्समेत्तेय्य, पुण्णक, मेत्तगू, धोतक, उपसीव, नंद, हेमक, तोदेय्य, कप्प, जतुकण्णी, भद्रावुध, उदय, पोसाल, मोघराज आणि पिंगिय अशी त्यांची नावे. हे कोणी नवखे विद्यार्थी नव्हते. प्रत्येकाचा आपापला शिष्यसमुदाय होता, प्रत्येकाचे नाव दूरवर गाजलेले होते. बावरी त्यांना म्हणाले, जगात दुर्लभ असा बुद्ध उत्पन्न झाला आहे, जा आणि त्याला पाहा.

गुरूने शिष्याला दुसऱ्या गुरूकडे पाठवणे ही सोपी गोष्ट आहे का? आपण आपल्याच मनाला विचारू या. एखाद्या फडावर, मठात, गादीवर बसलेल्याला आपला चांगला गायक, चांगला टाळकरी दुसऱ्याच्या फडावर गेला तर काय वाटते? दिंडीच्या क्रमांकावरून, कीर्तनाच्या वेळेवरून, हार कोणाच्या गळ्यात आधी पडला यावरून आपल्याकडे रुसवे होतात. आणि इथे १२० वर्षांचा आचार्य, आयुष्यभर जमवलेले शिष्य एकदम दुसऱ्याच्या चरणांकडे पाठवतो. शिष्य परत आले नाहीत तर आश्रम ओस पडेल, हे काय त्यांना कळत नव्हते? पण त्यांना आश्रमापेक्षा सत्य मोठे वाटले.

त्याबरोबर त्यांनी शिष्यांना एक सूचनाही दिली. शिष्यांनी विचारले, तो बुद्धच आहे हे आम्ही ओळखायचे कसे? बावरी म्हणाले, माझे वय, गोत्र, खुणा, शिष्य, मंत्र हे प्रश्न मनातच विचारा. तो खरोखर बुद्ध असेल तर मुखाने उत्तर देईल. म्हणजे नम्रता होती, पण डोळे मिटलेले नव्हते. गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचे जे मार्ग सांगितले आहेत, त्यांत नमस्कार आणि सेवा यांच्याबरोबर प्रश्न विचारणेही आहे. प्रश्नाला भिणारा तो गुरू नव्हे आणि प्रश्न टाळणारा तो शिष्य नव्हे.

प्रश्न आणि अट यांत मात्र फरक आहे. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे. 'विवेकसिंधु' हा त्यांचा ग्रंथ परंपरेने शके १११०, म्हणजे इ. स. ११८८ चा मानला जातो. जैत्रपाळ राजाची कथा त्यांच्याशी जोडलेली आहे. घोड्याच्या रिकिबीत पाय ठेवून मांड टाकेपर्यंत मला ब्रह्म दाखवा, अशी त्या राजाची अट. ज्यांना ते जमले नाही त्या साधुसंतांना त्याने कामाला जुंपले. मुकुंदराजांनी आधी त्या सर्वांना सोडवले आणि मग राजाला त्याच्या अटीप्रमाणे अनुभव दिला, असे परंपरा सांगते. राजाने मागितले ते ज्ञानच होते. पण मागताना त्याची मान ताठ होती. बावरींच्या शिष्यांनीही परीक्षा घेतली, पण शेकडो कोस पायी चालून आणि मनातल्या मनात, समोरच्याचा अवमान न करता.

जुनी वाट

त्या वाटेवरची गावे ग्रंथाने क्रमाने दिली आहेत. आधी पैठण, म्हणजे तेव्हाचे प्रतिष्ठान. मग नर्मदाकाठचे महिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत आणि श्रावस्ती. तिथेही भेट झाली नाही. पुढे कपिलवस्तू, कुसिनारा, पावा, वैशाली असे करत ते मगधात राजगृहाजवळच्या पाषाणक चैत्यापाशी पोहोचले. अंगावर मृगाजिन, डोक्यावर जटा. मुक्कामामागून मुक्काम. वारीत चाललेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

हीच वाट पुढे शतकानुशतके वाहती राहिली. कन्नडच्या डोंगरात पितळखोरे येथे जी प्राचीन बौद्ध लेणी आहेत, तिथल्या खांबांवर दान देणाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांत मितदेव नावाचा पैठणचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. नाथांच्या कितीतरी शतके आधी पैठणच्या माणसांचा असा धर्माला हातभार लागला होता.

मस्तक कोणते फुटावे

अजिताने मनात प्रश्न केले आणि बुद्धांनी त्यांची उत्तरे मोठ्याने दिली. तुमच्या गुरूंचे वय १२० वर्षे, गोत्र बावरी, अंगावर तीन खुणा, पाचशे जणांना शिकवतात. मग अजिताने तो मुख्य प्रश्न विचारला, ज्याने गुरूची झोप उडाली होती. मस्तक म्हणजे काय आणि ते फुटते कसे?

बुद्धांच्या उत्तराचा आशय असा की, अविद्या हेच मस्तक आहे. श्रद्धा, जागृती, समाधी, तळमळ आणि उद्योग यांनी युक्त झालेली विद्या त्या मस्तकाला फोडते.

शापाचे भय एका उत्तरात नाहीसे झाले. ज्या मस्तकाच्या फुटण्याची भीती होती ते मस्तक वेगळेच निघाले आणि ते फुटावे यासाठीच तर सारा खटाटोप होता. ढोंग्याने त्याच शब्दांनी माणूस घाबरवला आणि खऱ्या गुरूने त्याच शब्दांनी निर्भय केला. त्याने पाचशे नाणी मागितली होती, याने काहीच मागितले नाही. वाचकहो, कोणाला गुरू म्हणावे असा प्रश्न पडला तर हा फरक लक्षात ठेवावा. ज्याच्याजवळून उठताना आपली भीती वाढलेली असते, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये.

अजिताने मृगाजिन एका खांद्यावर घेतले आणि बुद्धांच्या चरणी मस्तक ठेवले. त्याने आपल्या गुरूच्या वतीनेही वंदन केले. बुद्धांनी बावरींना आणि त्यांच्या शिष्यांना सुखाचा आशीर्वाद दिला आणि म्हणाले, तुमच्या मनात ज्या ज्या शंका असतील त्या विचारा.

मग एकेकाने आपापला प्रश्न विचारला. मोघराजाची पाळी पंधरावी आली. त्याने स्वतःच म्हटले आहे की, मी आधी दोनदा विचारले, पण मला उत्तर मिळाले नाही. पाली टीकाकार याचे कारण सांगतात. मोघराजाला आपल्या विद्वत्तेचा अभिमान होता. आपण पुढे व्हावे असे त्याला वाटे. बुद्धांनी त्याला थांबवून ठेवले आणि मन तयार झाल्यावर तिसऱ्या वेळी उत्तर दिले. थांबायला लावणे ही त्याच्यासाठी शिक्षा नव्हती, तोच उपदेश होता.

बुद्धांच्या संघातही हाच नियम होता. शाक्यकुळातले राजपुत्र भिक्षू व्हायला आले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. राजपुत्रांनीच विनंती केली की, याला आधी दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, त्याला वंदन करताना आमचा कुळाचा अभिमान गळून पडेल. संघात ज्येष्ठपण दीक्षेवरून ठरे, जन्मावरून नव्हे. हाच उपाली पुढे विनयाचा श्रेष्ठ जाणकार झाला. सेना महाराज आणि चोखोबांच्या आपण वारकऱ्यांना हे वाचून काय वाटते? वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा जात विचारत नाही. घरी परतल्यावर, गावच्या पारावर, आपली मान तितकीच सैल राहते का? ज्याने त्याने आपल्याशी विचारावे.

गुरुशिष्यांचे कर्तव्यही तिथे एकतर्फी नव्हते. शिष्याने गुरूला पिता मानावे, तसे गुरूने शिष्याला पुत्र मानावे. गुरू आजारी पडला तर शिष्याने शुश्रूषा करावी, शिष्य आजारी पडला तर गुरूने करावी, असा विनयाचा दंडक आहे. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अमानित्व आणि आचार्योपासना यांचे जे विस्ताराने निरूपण केले आहे, ते वाचताना हे सारे आठवते. माउलींनी ज्यांच्या पायी मस्तक ठेवले ते निवृत्तिनाथ त्यांचेच थोरले बंधू होते. निवृत्तिनाथांचे गुरू गहिनीनाथ, आणि त्यांचे समाधिस्थान आपल्याच जिल्ह्यात गहिनीनाथगडावर मानले जाते. घरातल्या माणसात गुरू पाहणे हे दूरच्या महात्म्याला वंदन करण्यापेक्षा अवघड असते.

पिंगियाची वारी

सोळावा होता पिंगिय. अतिशय म्हातारा. त्याने बुद्धांना सांगितले, माझे वय झाले, अंगात बळ नाही, डोळ्यांना नीट दिसत नाही, ऐकू कमी येते. मी गोंधळलेलाच मरू नये, असे काही मला सांगा. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवले, तो अखेरीस एवढेच मागतो. बुद्धांनी त्यालाही तृष्णा सोडण्याचा मार्ग सांगितला.

पिंगिय मग गोदावरीच्या काठी परत आला. वाट पाहणाऱ्या गुरूला शिष्याने सारे सांगितले. जो शिकवत होता तो ऐकायला बसला, जो ऐकत होता तो सांगू लागला. बावरींनी त्याला विचारले, असा गुरू मिळाला असताना तू क्षणभर तरी त्याच्यापासून दूर का राहतोस?

पिंगियाचे उत्तर प्रत्येक थकलेल्या वारकऱ्याने मनात जपावे असे आहे. त्याच्या बोलण्याचे सार असे. मी त्यांच्यापासून दूर नाहीच. डोळ्यांनी पाहावे तसे मी मनाने त्यांना रात्रंदिवस पाहतो. त्यांना वंदन करण्यातच माझी रात्र जाते. शरीर थकले आहे, ते तिकडे जाऊ शकत नाही. पण मन मात्र तिथेच जडले आहे.

पुढे ग्रंथ सांगतो की, त्या वेळी बुद्धांचा शब्द त्याला ऐकू आला, तूही श्रद्धेने पार होशील.

वाचकहो, आपल्या घरात असे पिंगिय आहेत. तीस तीस वर्षे वारी केलेली आजी गुडघ्यांमुळे आता ओसरीवर बसलेली असते. पालखी निघाली की तिचे बोट दिनदर्शिकेवर फिरते. आज मुक्काम कुठे, उद्या कुठे, हे ती घरातल्यांना सांगते. तिला कोणी म्हणावे की तुझी वारी चुकली, तर ते खरे नव्हे.

गोव्याहून निघालेला साधक

ही कथा मराठी वाचकांपर्यंत आणणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांचे नाव प्रथम घ्यावे लागते. सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर त्यांनी केले. गोव्यातल्या एका सामान्य कुटुंबातला हा तरुण. तुकोबारायांच्या अभंगांनी त्याच्या निराश मनाला आधार दिला आणि मग बुद्धांचे चरित्र वाचून त्याला वेड लागले. गुरू शोधत तो घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ असा फिरत, काशीत अन्नछत्रात जेवून शिकत, अखेर १९०२ साली सिंहलद्वीपात सुमंगलाचार्यांच्या पायाशी जाऊन बसला आणि पाली शिकला. त्याचीही वाट बावरींच्या शिष्यांसारखीच होती, आणि तिच्यावर पहिले पाऊल टाकताना सोबतीला तुकोबा होते.

एखाद्या सकाळी गंगेवर जा. राक्षसभुवनला जा, किंवा सिंदफणा जिथे गोदावरीला मिळते त्या मंजरथला जा. पाण्याकडे पाहताना आठवा की, या नदीच्या काठी एक थोर आचार्य होऊन गेला. त्याने सारे दान दिले आणि तरी त्याचे भय गेले नाही. मला ठाऊक नाही, एवढे कबूल केले, तेव्हा मात्र ते गेले. धन देणे त्याला सोपे गेले होते. शिष्य दुसऱ्याकडे पाठवणे आणि आपल्याच शिष्याच्या तोंडून शिकणे, हे खरे अवघड दान होते. तेही त्याने दिले.

आपल्या मडक्यावर थापटणे बसेल तेव्हा आपल्यालाही राग येईल. नामदेवरायांनाही आला होता. त्या रागातून उठून विसोबांच्या वाटेला लागण्याचे बळ पांडुरंगाने आपल्याला द्यावे, एवढेच मागणे.

रामकृष्ण हरी.